वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के: हे आकडे आले कुठून?

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रंगीत त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतोय. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, बोललेलं ७० आणि केलेलं ९० टक्के. खाली उपदेश: खडू-फळा सोडा, प्रत्येक तासाला व्हिडिओ दाखवा, आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत, जे शिक्षक बदलणार नाहीत त्यांची जागा तंत्रज्ञान घेईल. मी वर्गात पडदा, मोबाइल, सिम्युलेशन सगळं वापरते. म्हणूनच हा मजकूर वाचून जास्त चिडचिड होते.

आधी आकडे. त्रिकोणाखाली बहुतेक वेळा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला, तो प्रत्यक्ष अनुभवापासून अमूर्त शब्दांपर्यंतच्या पायऱ्या दाखवण्यासाठी. त्यात एकही टक्केवारी नव्हती, आणि शंकू शब्दशः घेऊ नका असं खुद्द डेलच बजावत होते. हे आकडे १९६७ सालच्या एका लेखात छापलेले सापडतात, पण तिथेही ते कोणत्या प्रयोगातून आले याचा पत्ता नाही. आणि नुसतं तर्काने पाहा ना: काय वाचलेलं? कोणी? किती दिवसांनी तपासलं? दरवेळी दहाच्या पाढ्यातलीच संख्या कशी येते? गणिताच्या पेपरात कुणी अशी उत्तरं लिहिली असती तर आपण कॉपीचा संशय घेतला असता.

शिवाय घटकाभर हे आकडे खरे धरले तरी व्हिडिओ ५० वरच अडकतो. ९० चा मान ‘करण्या’ला आहे, आणि वहीत उदाहरण सोडवणं हेही करणंच की.

व्हिडिओ वाईट असतो असं मी म्हणत नाही. डोळ्याला न दिसणारं दाखवायचं असेल तर त्याला तोड नाही. वरून सोडलेला चेंडू मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायचा, ठरावीक वेळाने चित्र थांबवायचं आणि चेंडू कुठे आहे त्याच्या खुणा करायच्या. खुणांमधलं अंतर वाढत जाताना दिसलं की ‘त्वरण’ हा शब्द मुलांना मागाहून दिला तरी चालतो. मात्र चित्र सुरू करण्याआधी ‘अंतर सारखं राहील की वाढेल?’ याचं उत्तर प्रत्येकाने वहीत लिहिलेलं हवं. ते लिहून घेतलं नाही तर मुलं नुसती बघतात, माना डोलावतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. तास संपता संपता ‘समजलं का?’ विचारल्यावर येणारा ‘हो’ किती फसवा असतो, ते यातून कळतं.

‘जन्मतःच डिजिटल’ हा शिक्का अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांच्या २००१ सालच्या लेखानंतर रूढ झाला. २०१८ साली आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक-साक्षरता अनेक देशांत तपासली, तेव्हा सर्वांत वरच्या पातळीला जेमतेम २ टक्के मुलं पोचली. अंगठा झरझर फिरतो म्हणजे शोधलेली माहिती खरी की खोटी हे पारखता येतं, असं नव्हे. ते शिकवावंच लागतं, आणि तेही आपल्यालाच.

आता शिक्षक बाद होण्याची भाकितं. शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, चलच्चित्रांतून ज्ञानाची प्रत्येक शाखा शिकवता येईल, असं एडिसन १९१३ साली म्हणाले होते! आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात लाखो मुलांना खरोखरच लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला तेव्हा, सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतर, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. सामान्य आकलनक्षमतेच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, हेही सांगायला हवं. यंत्र पोचलं होतं, पण त्यावर कोणत्या तासाला काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

ते ठरवणं हेच तर शिक्षकाचं काम. माझा आवडता प्रश्न: २.१५ मोठी की २.३? पुष्कळ मुलं २.१५ म्हणतात, कारण १५ हे ३ पेक्षा मोठे. कुणाच्या डोक्यात हा घोळ आहे ते मला त्याच क्षणी कळायला हवं, वह्या तपासताना चार दिवसांनी कळून उपयोग नाही. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच करत आले: प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. त्यासाठी कुणी रिमोटसारखी यंत्रं वापरतं, कुणी अ-ब-क-ड लिहिलेली कार्डं. दोन्हींची तुलना झाली तेव्हा शिकण्यात फरक आढळला नाही.

मग मी मोबाइलवर उत्तरं का घेते? कार्ड वर करताना मागच्या बाकावरची मुलं आधी हुशार मुलाचं कार्ड बघतात आणि मग आपलं फिरवतात. मोबाइलवर ते दिसत नाही. पडद्यावर येतात ते फक्त आकडे: २.१५ ला एकोणीस मतं, २.३ ला चौदा. त्यावर मी काही बोलत नाही, फक्त म्हणते, ‘शेजाऱ्याला पटवा.’