वर्षभरात सेंद्रिय कर्ब १ टक्का? आधी वजन करून बघा

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर दर हंगामात एक मेसेज फिरतो: ‘दर पंधरा दिवसांनी एकरी २०० लिटर जीवामृत द्या, वर्षात सेंद्रिय कर्ब ०.४ वरून १ टक्क्यावर जाईल. पीक कोणतंही असो, मशागत कशीही असो.’ सोबत माती परीक्षणाचे आधीचा आणि नंतरचा असे दोन अहवाल. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण, आणि सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीतल्या कुजलेल्या मुळं-काडीकचऱ्यातला कार्बन.

एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे साधारण ८०० टन माती. तिच्यात ०.४ टक्के म्हणजे ३.२ टन कर्ब आणि १ टक्का म्हणजे ८ टन. फरक ४,८०० किलोंचा. आता जीवामृताच्या २०० लिटरच्या टाकीत काय पडतं ते बघा: १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी दीड-दोन किलो, मूठभर माती. शेणाचे पाच भाग केले तर चार भाग पाणीच. सगळ्याचा मिळून कर्ब फार तर ३ किलो. वर्षात २४ वेळा दिलं तरी ७२ किलो, तोही सगळाच्या सगळा जमिनीत टिकला तर.

यावर उत्तर येतं, ‘जिवाणू कर्ब तयार करतात.’ जीवामृतातले जिवाणू कर्ब खातात, आणि खाल्लेल्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. हवेतला कर्ब खाली आणायचं काम हिरव्या पानांचं. रानात मुळं, काडीकचरा असेल तर तो खाऊन मेलेल्या जिवाणूंचे अवशेष चिकणमातीला धरून राहतात. टिकाऊ कर्ब बराचसा हाच. खायलाच काही नसेल तर नुसतं जीवामृत ओतून काय होणार?

मग अहवालात आकडा वाढतो कसा? पहिला नमुना नांगरटीनंतर खोलवरून घेतलेला, दुसरा शेणखत पडल्यावर वरच्या दोन बोटांतून. अर्धवट कुजलेली काडी परीक्षानळीत कर्ब म्हणूनच मोजली जाते. कधी सेंद्रिय पदार्थाचा आकडा कर्ब म्हणून वाचला जातो. ०.५८ टक्के कर्ब म्हणजेच १ टक्का सेंद्रिय पदार्थ, एवढ्यानेच निम्मा चमत्कार होतो. तुलना करायची तर पीक काढल्यावर, खत घालण्याआधी, दरवेळी त्याच महिन्यात नमुना घ्या. वरचा कचरा बाजूला सारून व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करा आणि कडेची सारख्या जाडीची माती वरपासून खालपर्यंत काढा. अशा ८-१० जागांची माती एकत्र करा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. प्रयोगशाळा तीच ठेवा.

‘मशागत कशीही असो’ हे मात्र सगळ्यात घातक वाक्य. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांतली माहिती एकत्र करून पाहिली. कुरण मोडून पीक घेतलं तर मातीतला कर्ब सरासरी ५९ टक्के घटला, जंगल मोडल्यावर ४२ टक्के. उलट दिशेने, पिकाखालच्या जमिनीचं कुरण केलं तर वाढ जेमतेम १९ टक्के. नांगर-रोटाव्हेटरने मातीचा रवा फुटतो, आत कोंडलेला कर्ब उघडा पडतो, आणि आपल्या उन्हात तो झपाट्याने जळतो. गायरान मोडायला एक दिवस पुरतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गव्हाच्या एका पट्ट्याला १८४३ पासून दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतंय. तिथला कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीवर गेला खरा, पण त्याला कित्येक दशकं लागली, तीही थंड हवेत.

आपल्याकडे हातातला मोठा साठा म्हणजे उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणारी वाळकी पानं. एकरी ३ ते ४ टन, त्यात दीड टनाच्या आसपास कर्ब. काडी लावली की तासाभरात सगळा धूर. त्याऐवजी कुट्टी करून सरीत पसरा, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. युरिया वगळू नका. पाचटात नत्र फार कमी, ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र उचलतात आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) पिवळा पडतो. दीड टनातला सहावा भाग टिकला असं धरलं, तर वर्षाला कर्ब ०.४० वरून ०.४३ टक्के होतो.