माकडहाड, झटका आणि गोल उशी

निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "माकडहाड दुखतंय म्हणजे ते सरकलंय. हाडवैद्याकडून एका झटक्यात बसवून घ्या, गोल उशी वापरा, महिनाभर आडवे पडा. नाहीतर पाय लुळे पडतील."

आधी शेवटचं वाक्य, कारण घाबरवतं तेच. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि पायांच्या नसा माकडहाडाच्या वरूनच बाहेर पडतात. त्यामुळे माकडहाड दुखलं म्हणून पाय लुळे पडत नाहीत. मात्र पाय बधिर झाले, लघवी अडली, तर बिघाड वर कुठेतरी आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"सरकलंय" हे काही जणांत खरं असतं. उभं राहून आणि बसून काढलेले एक्स-रे ताडून पाहिले की कळतं. पण बाकीच्यांचं काय? ढुंगणावर आपटणं, बाळंतपण, वाढलेलं वजन, तासन्‌तास कठीण जागी बसणं, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. बायकांना हा त्रास पुरुषांच्या सुमारे पाचपट. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका बघा. थकल्या की मागे रेलतात, आणि रेललं की बसायच्या दोन हाडांवरचा भार माकडहाडावर येतो. पडायची गरजच नाही.

झटक्याचं म्हणाल, तर हाडाला चीर असेल तिथं दुखणं वाढवायचा तो मार्ग. आमच्या एका मावशींनी "बसवून" घेतलं आणि आठवडाभर पालथ्या झोपल्या. शिकलेले फिजिओथेरपिस्ट गुदमार्गातून बोटाने हलकेच उपचार करतात, ती गोष्ट वेगळी. त्याचीही हमी नाही.

गोल उशीपेक्षा मागून खाच कापलेली उशी बरी, माकडहाड अधांतरी राहतं. उठताना आधी पुढे झुका. शेक घ्या, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, वेदनाशामक डॉक्टरांना विचारून. महिनाभर झोपून काही साधत नाही, थोड्या थोड्या वेळाने उठून चाला. बहुतेकांना एवढ्यानेच काही आठवड्यांत-महिन्यांत उतार पडतो. इंजेक्शन त्यानंतर, हाड काढायची शस्त्रक्रिया अगदी क्वचित.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: ढुंगणाच्या फटीत वरच्या बाजूला गाठ, पू, ताप असेल तर ते बहुधा केसांमुळे होणारं गळू असतं. तिथं उशी नाही, सर्जन लागतो.