कोणी सांगितलं ब्लिचिंग टाकायला?

अरे राजेहो, मी नालीतलं पाणी रोगजंतूंच्या तपासणीसाठी न्यायला येते, नालीची पाहणी करायला नाही! किती वेळा सांगू?

आज पुन्हा तेच. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पहाटे साडेचारला निघालो, कारण तिथं नळ सहाला येतो आणि नळ आला की तासभरच नाली वाहते. पोचलो तर नाली खरवडून चकाचक, दोन्ही काठांवर पांढरी रांगोळी, आणि वास असा की डोळे चुरचुरायला लागले. शिपाई मोठ्या कौतुकानं उभा. "मॅडम, तुमी येनार म्हून रातीच पावडर मारली. पाहा बरं, एक तरी मच्छर हाये का?"

नाही बाप्पा, मच्छर नाही. जंतूही नाहीत. मी तेच शोधायला आले होते!

कॉलरा, टायफॉइड, पोलिओ, कावीळ, कोविड, या सगळ्यांचे जंतू माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, कित्येकदा तो दवाखान्यात यायच्या आधीच. पोलिओत तर बहुतेकांना काही होतच नाही, पण विषाणू आठवडेच्या आठवडे पडत राहतो. म्हणून तर मुंबईत 2001 पासून सांडपाण्यात पोलिओ शोधतात. पण तिथं संडासाचं पाणी नेणारी भुयारी गटारं आहेत. एका जागी बाटली भरली की हजारो घरांचा अंदाज येतो. आमच्याकडं संडास शोषखड्ड्यात, आणि नालीत नुसतं मोरीचं पाणी. मग ज्या सेप्टिक टाकीचा पाइप गुपचूप नालीत सोडलाय, तो हुडकत फिरायचं. अन् तो कोणाचा, हे गावात कोणी तोंडातून काढत नाही, कारण वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी ठोकलेली आहे.

एवढ्या खटपटीनं एक जागा सापडली, आणि तिथंच ब्लिचिंग. आमच्या बाटलीत थायोसल्फेट असतं, ते उरलंसुरलं क्लोरीन निकामी करतं. मेलेला जंतू उठवून बसवत नाही. कॉलरा पाहायचा तर जंतू लॅबमध्ये वाढवावा लागतो. मेलेला काय वाढणार, कपाळ?

मागल्या खेपेला बाटली सोडून दुसरा उपाय केला. गॉझची, म्हणजे मलमपट्टीच्या जाळीदार कापडाची, गुंडाळी दोरीला बांधून नालीत दोन दिवस लटकवून ठेवायची, वाहत्या पाण्यातले जंतू तिच्यात अडकतात. जुनी पद्धत, स्वस्त आणि चांगली. तिसऱ्या दिवशी गेले तर गॉझ गायब, दोरीला लिंबू आणि बिब्बा. कोणाला तरी करणी वाटली म्हणे. (हसू नका. मीही आधी हसलेच होते.)

बरं, नमुना चुकून बरा मिळालाच, तर तो बर्फाच्या डब्यात नागपूरला पोचवायचा. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला असताना, एसटीनं. कंडक्टर म्हणतो डबा टपावर ठेवा.

आणि या सगळ्याचा अहवाल काय येतो? निरंक, म्हणजे जंतू सापडले नाहीत! तालुक्याच्या मीटिंगमध्ये निरंक वाचला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. अरे, पावडर मारलेल्या नालीचा निरंक कसला मोजता? 2022 च्या जुलैत मेळघाटात विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं गेली. तेव्हा धावपळ सुरू झाली ती माणसं आजारी पडल्यावर. ती थोडी आधी व्हावी, एवढ्यासाठीच ही बाटली घेऊन हिंडते ना मी?

तर म्हटलं, न कळवता जाऊ. गेल्या महिन्यात एका गावात तशी गेलेही. नाली मस्त घाण होती, नमुना पहिल्यांदा मनासारखा मिळाला. चौथ्या दिवशी वरून कारणे दाखवा नोटीस: दौऱ्याचा कार्यक्रम ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी लेखी का कळवला नाही? सरपंचांची तक्रार आहे, गावाची बदनामी झाली.

खुलासा सोमवारपर्यंत द्यायचाय. अजून एक ओळ लिहिलेली नाही.