बेटावर हक्क सांगायचाय? मग आधी एक मच्छीमार बोट बघा

शेजारी देशाशी भांडण उकरायचंय, पण युद्धाचा खर्च झेपत नाही? काळजी नको. पूर्व चीन समुद्राकडे बघा आणि शिका.

पहिलं म्हणजे बेट निवडताना हावरटपणा करू नका. माणसं राहतात तसलं बेट नकोच. त्यांना रस्ते लागतात, दवाखाना लागतो, वर मतंही असतात. जपान ज्यांना सेन्काकू म्हणतो आणि चीन दियाओयू, ती पाच बेटं आणि तीन खडक सगळे मिळून सात चौरस किलोमीटरच्या आसपास भरतात. वस्ती शून्य. गंमत म्हणजे ‘दियाओयू’ म्हणजे मासे गळाला लावणं, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं जपानी नाव ‘उओत्सुरी’, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे नावाबद्दल एकमत आहे. तैवानही त्यावर हक्क सांगतो, म्हणजे गळ तीन झाले.

आता कारण. १९६८च्या सर्वेक्षणात तिथल्या समुद्राखाली तेल असू शकेल असं निघालं आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांना इतिहास आठवू लागला. बाजारात तुरी असल्या तरी चालतात, भांडण मात्र आजच सुरू करायचं.

पण खरं हत्यार म्हणजे मच्छीमार बोट. युद्धनौका पाठवली की जग ओरडतं. बोट पाठवली, किंवा ती आपली आपण गेली, की म्हणता येतं, ‘गरीब बिचारा मासे धरत होता हो!’ ७ सप्टेंबर २०१० रोजी या बेटांजवळ एक चिनी ट्रॉलर (जाळं ओढणारी मच्छीमार बोट) जपानी तटरक्षक दलाच्या दोन गस्ती जहाजांवर आदळला. जपानने कप्तानाला धरलं. चीनने जपानी राजदूताला मध्यरात्रीनंतर बोलावून घेतलं. ही वेळ टिपून ठेवा: निषेध दिवसाउजेडी केला तर त्याला वजन येत नाही. मग बातम्या आल्या की इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंची जपानला होणारी निर्यात थांबली. चीन म्हणाला, छे, आम्ही कुठं थांबवली? अशी थांबलेली आणि न थांबलेली निर्यात जमवणं ही खास कला आहे, सरावाशिवाय जमत नाही. २४ सप्टेंबरला जपानी सरकारी वकिलांनी दोन देशांच्या संबंधांचा विचार करून कप्तानाला सोडायचं ठरवलं. वकील परराष्ट्र धोरण बघतात, हेही आपल्याला तेव्हाच कळलं.

नोव्हेंबरात त्या धडकेची चित्रफीत इंटरनेटवर फुटली. करड्या जहाजाच्या कुशीत घुसणारा निळा ट्रॉलर सगळ्यांनी पाहिला. त्याच्या जाळ्यात त्या दिवशी काय सापडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. मासा हा विषय नाही.

पैसे हाताशी असतील तर सरळ बेट विकत घ्या. २०१२मध्ये जपान सरकारने त्यातली तीन बेटं खासगी मालकाकडून २०५ कोटी येनना घेतली. लगेच चीनमध्ये जपानी बनावटीच्या गाड्या फुटल्या. गाड्यांचे मालक चिनीच होते, पण देशप्रेमात एवढं चालायचंच.

हात आखडता असेल तर बारसं करा. २०२०मध्ये या बेटांचा कारभार बघणाऱ्या जपानच्या इशिगाकी शहराने या बेटांच्या पत्त्यात ‘सेन्काकू’ घालायचं ठरवलं, तर चीनने समुद्रतळावरच्या ५० ठिकाणांना नावं देऊन टाकली. तिथल्या रहिवाशांनी कधी पत्ता विचारलाय?

एक चूक मात्र करू नका. एप्रिल २०१३मध्ये जपान आणि तैवानने मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून मासे कुणी कुठं धरायचे एवढंच ठरवलं. असल्याने भांडणातली मजाच जाते. मच्छीमार खूश झाले तर उद्या आमिष म्हणून गळाला लावायचं कुणाला?

आणि शेळ्या विसरू नका. १९७८मध्ये जपानी राष्ट्रवाद्यांनी उओत्सुरीवर एक जोडी सोडली. आज ती शेकड्यांत गेली आहे आणि बेटावरचं रान फस्त करतेय. फक्त तिथंच सापडणाऱ्या चिचुंद्रीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याचा जीव त्यामुळे टांगणीला लागलाय. शेळ्या धरायला माणूस पाठवावा, तर जपान सरकारकडून उतरायची परवानगी मिळत नाही. शेजारी काय म्हणेल?