खतखड्ड्यात डेंग्यूचा डास जन्माला येत नाही

माझ्या मावशीने ओला कचरा वेगळा ठेवायचं बंद केलं आहे. वर्षानुवर्षं जी बाई भाजीची देठं, चहाचा चोथा, केळीची सालं न चुकता हिरव्या बादलीत टाकत आली, ती आता सगळं एका पिशवीत कोंबते आणि गाठ मारून दाराबाहेर ठेवते. कारण भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. 'सावधान! सोसायटीतला खतखड्डा म्हणजे डेंग्यूचा कारखाना' असा मथळा, खाली सहा मुद्दे, सोबत वळवळणाऱ्या अळ्यांचा व्हिडिओ आणि शेवटी 'एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, सर्वांना पाठवा'. डॉक्टरांचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, गावाचंही नाही. तरी सिंहगड रस्त्याच्या आमच्या भागात तो ग्रुपमागून ग्रुप फिरला आणि आमच्या कमिटीने 'खतखड्डे बंद करणे' हा विषय सभेपुढे ठेवला.

मेसेजचं म्हणणं असं: खड्ड्यातल्या ओल्या कचऱ्यात डेंग्यूचे डास वाढतात, तुम्ही कचरा वेगळा केला तरी गाडीत सगळा एकत्रच होतो, कचरा नेणाऱ्या बायका ओला कचरा बाहेर विकतात, फळांच्या सालींवरची औषधं खतात उतरतात आणि त्याने कॅन्सर होतो, खड्ड्यामुळे दुर्गंधी आणि उंदीर येतात, आणि सोसायटीने खत करावं असा कुठलाही कायदा नाही, ते महापालिकेचं काम आहे.

डेंग्यूपासूनच सुरुवात करते, कारण लोक घाबरले ते त्याला आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच मुद्दा करणार आहे.

डेंग्यू पसरवणारा डास एडिस इजिप्ती. त्याची मादी अंडी घालते ती साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. अंड्यातून निघालेली अळी पाण्यातच राहते, पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते, कोषही पाण्यातच होतो. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस साठलेलं पाणी लागतंच. ते नसेल तर अळी मरते. खताच्या ढिगात साठलेलं पाणी नसतं. नीट चाललेल्या ढिगात 50 ते 60 टक्के ओलावा असतो, म्हणजे मूठभर घेऊन घट्ट पिळलं तर एखाद-दुसरा थेंब पडेल इतका. त्यात ही अळी पोहणार कुठे? शिवाय ढीग तापतो. मधोमध 55 अंश सेल्सिअसच्या वर जातो, हात घालवत नाही. डासाची अळी त्या जागेच्या जवळपासही टिकत नाही.

आता तो व्हिडिओ. त्यात जाड, चपट्या, तपकिरी अळ्या कचऱ्यावरून सरपटताना दिसतात आणि वर लिहिलंय 'डेंग्यूच्या अळ्या पाहा'. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने आयुष्यात डासाची अळी पाहिलेली नाही. डासाची अळी बारीक असते, एक सेंटिमीटरही भरत नाही, पाण्यात वळवळते आणि पाण्याबाहेर काढली की संपते. कचऱ्यावरून ती चालत जाऊच शकत नाही. व्हिडिओतल्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत. ज्यांनी खत केलं आहे ते सगळे त्यांना ओळखतात. दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतात, दिसायला किळसवाण्या असतात हे मान्य, पण ओला कचरा त्या झपाट्याने खातात. त्यांची मोठी झालेली माशी चावत नाही, चावायला तिच्याकडे तोंडाची रचनाच नाही, आणि घरात अन्नावर बसायलाही ती येत नाही. तिचे सगळे दिवस जोडीदार शोधण्यात आणि अंडी घालण्यात जातात. जगभर या अळ्या मुद्दाम पाळतात, कचरा जिरवायला आणि कोंबड्या-माशांच्या खाद्याला. त्यांना डेंग्यूच्या अळ्या म्हणून दाखवणं ही शुद्ध थाप आहे.

या थापेचा राग मला एवढ्यासाठी येतो की डेंग्यू खरोखर आहे. आमच्या भागात दर पावसाळ्यात घराघरांत रुग्ण असतात, प्लेटलेट्सचे आकडे ग्रुपवर फिरतात. आणि डास आहेत कुठे? माझ्या मावशीच्या हॉलमध्ये मनीप्लांटची बाटली आहे, तिचं पाणी महिनोन्‌महिने बदललेलं नसतं. तुळशीच्या कुंडीखाली ताटली आहे. फ्रिजच्या मागे पाणी साठणारा ट्रे आहे, तो कुणीच उघडून बघत नाही. बाल्कनीत उन्हाळ्यानंतर तसाच ठेवलेला कूलर. गच्चीवर टाकीचं झाकण निखळलेलं. पार्किंगमध्ये जुने टायर. डास तिथे आहेत. आरोग्य खातं दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणून गेली कित्येक वर्षं सांगतंय ते याच हिशोबाने, की डास पूर्ण वाढायच्या आत पाणी ओतून टाकलं जावं. नुसतं ओतूनही भागत नाही, भांडं आतून घासायला लागतं, कारण चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. हा डास दिवसा चावतो आणि जन्मलेल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुतेक तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत वाढलेला असतो. खतखड्डे बुजवले, फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि मनीप्लांटची बाटली तशीच राहिली, तर त्या घरातल्या पोराला ताप येणारच.

एक गोष्ट मान्य करते. खड्ड्याशेजारी ठेवलेलं उघडं पिंप, उलटं पडलेलं झाकण, खाली झिरपणारं पाणी साठवायचा डबा, यांत पावसाचं पाणी साठलं तर डास होतील. ते पाणी साठल्यामुळे होतील, खतामुळे नव्हे, आणि इलाज झाकण सरळ ठेवण्याचा आहे. त्यासाठी खड्डा बुजवायला लागत नाही.

गाडीत सगळं एकत्र होतं, या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला आवडत नसलं तरी नाकारता येत नाही. वेगळा करून दिलेला ओला-सुका कचरा एकाच गाडीत पडताना मीही पाहिला आहे. त्याबद्दल तक्रार व्हायलाच हवी. पण याचा निष्कर्ष 'मग घरीही एकत्र करा' असा कसा निघतो? जो ओला कचरा गेटच्या आतच खत होतो, तो गाडीत चढतच नाही, तर मिसळणार कसा? सोसायटीत खत करण्याच्या बाजूने याहून मोठं कारण मला तरी माहीत नाही, आणि मेसेजवाल्याने तेच कारण विरोधात वापरलं आहे.

बायका ओला कचरा विकतात, हे वाक्य वाचून मात्र माझा तोल गेला. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था कचरावेचकांनी स्वतः उभी केली. त्यामागे 1993 पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची संघटना आहे. सुका कचरा निवडून त्या विकतात, तो त्यांचा उघड आणि ठरलेला मेहनताना आहे, त्यात लपवाछपवी नाही. भाजीच्या देठांना आणि खरकट्याला कोण भाव देणार? अनेक सोसायट्यांमध्ये खतखड्डे हलवण्याचं, पालापाचोळा घालण्याचं काम याच बायका करतात. आणि मेसेजवर विश्वास ठेवून तुम्ही सगळं एका पिशवीत भरलंत, तर ती पिशवी शेवटी उघडणार कोण? आमटी, फुटलेली काच, वापरलेलं सॅनिटरी पॅड आणि ब्लेड एकत्र झालेल्या त्या पिशवीत हात घालणार तीच. तिच्यावर चोरीचा आळ घेणाऱ्याने आधी एक सकाळ तिच्याबरोबर कचरा निवडावा.

कॅन्सरवर फार शब्द खर्च करत नाही. ज्या सफरचंदाच्या सालीची भीती वाटते ते सफरचंद तुम्ही खाल्लेलं असतं. खतात खरी भीती असते ती शिसं, कॅडमियम अशा जड धातूंची, आणि ते येतात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगांचे डबे, इलेक्ट्रॉनिक भंगार मिसळलेल्या कचऱ्यातून. म्हणूनच केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खतासाठी मर्यादा ठरवल्या आहेत: किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅमपर्यंत, कॅडमियम 5 मिलिग्रॅमपर्यंत. कचरा जितका नीट वेगळा केलेला, तितकं खत निर्धोक. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट.

वास आणि उंदीर. आमच्या खड्ड्याला आषाढात वास आला होता, खोटं कशाला बोलू. पण का आला ते कुणी विचारलं नाही. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, वाळलेल्या पानांत कार्बन जास्त. जिवाणूंना दोन्ही लागतात, नायट्रोजनच्या पंचवीस-तीसपट कार्बन असा मेळ बसला की ढीग हवेशीर राहतो, तापतो आणि त्याला जंगलातल्या मातीसारखा वास येतो. पानं कमी पडली की कचरा चिकट होतो, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. पावसाळ्यात नेमकी वाळलेली पानं मिळत नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ढिगांनी पडतात तेव्हा आमच्या भागात ती सर्रास जाळली जातात. पोत्यांत भरून शेडखाली ठेवली तर पावसाळाभर पुरतात. पुण्यात 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून देतो. पानं मिळाली नाहीत तर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा किंवा लाकडाचा भुसा चालतो. उंदरांसाठी जाळीचं झाकण लागतं, आणि मटण-मासळीचं खरकटं वर उघडं न टाकता आत दाबून वर पानांचा थर द्यायला लागतो. तेही जमत नसेल तर ते खरकटं खड्ड्यात घेऊ नका. चोवीस तासांत खत करून देणाऱ्या यंत्रांबद्दल मेसेजमध्ये एक ओळ आहे की ती फसवणूक असते, तिच्याशी मी बरीचशी सहमत आहे. त्यांतली कित्येक यंत्रं कचरा फक्त वाळवून त्याचा चुरा करतात. तो चुरा कुंडीत घातला आणि भिजला की पुन्हा कुजायला लागतो. पण आमच्याकडे यंत्र नाही, विटांचे खड्डे आहेत.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि इथे वादाला जागाच नाही. केंद्र सरकारने 8 एप्रिल 2016 रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. 2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, पण 2016 च्या नियमांतला चौथा नियम कचरा करणाऱ्याची कर्तव्यं सांगत होता. जैविक, अजैविक आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा ठेवणं प्रत्येक घराचं काम ठरवलं गेलं. 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कुंपणाच्या आतल्या सोसायट्यांनी वर्षभराच्या आत ओल्या कचऱ्याचं खत किंवा बायोगॅस आवारातच करावा, असं त्यात लिहिलं होतं. 'शक्य तितकं' असे दोन शब्द त्यात होते आणि पळवाट काढणारे त्यांच्यावरच बोट ठेवत. आमच्या सोसायटीत जागा आहे, खड्डे बांधलेले आहेत, ते आजवर चालले आहेत. 'शक्य नाही' असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? गांडूळखताचा प्रकल्प करणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकत करात सवलतही देते. चालू प्रकल्प बंद केला तर ती मागताही येणार नाही.

आणि महापालिकेचं काम म्हणजे नक्की काय, हेही बोललं पाहिजे. कोथरूडचा जुना कचरा डेपो होता तिथे आज मेट्रोची कारशेड आहे. पुढे पुण्याचा कचरा गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, डेपोला आगी लागल्या, 2017 च्या उन्हाळ्यात आगीनंतर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात चौकाचौकांत ढीग साचले. मुंबईत देवनारला 2016 च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस शहरावर होता. अशा ढिगात पेटतं ते बहुतेक ओल्या कचऱ्यानेच तयार केलेलं असतं: हवेविना कुजलं की त्यातून मिथेन सुटतो. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग हा ओला कचरा असतो. आमच्या कमिटीने खड्डे बंद करायचा ठराव मांडायचा असेल तर त्याच ठरावात हेही लिहावं की उद्यापासून हा कचरा कोणत्या गावाच्या शेजारी टाकला जाईल, आणि तिथल्या लोकांची संमती घेतली आहे का.