भोकं जुळली म्हणून क्लीट जुळत नाही

क्लिपलेस पेडल म्हणजे बुटाला पकडून ठेवणारं पेडल, आणि क्लीट म्हणजे त्यासाठी बुटाच्या तळव्याला बोल्टांनी लावायचा तुकडा. त्यांच्याबद्दल सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला नेमाने फिरतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा असा: ‘क्लिपलेस पेडलांचा उगाच बाऊ करू नका. बुटाला दोन बोल्टची सोय असेल तर दोन बोल्टचा कुठलाही क्लीट घ्या, तो कुठल्याही तसल्या पेडलात चालतो. तीन बोल्टचंही तसंच. लाल क्लीट घट्ट आणि पिवळा सैल, एवढं लक्षात ठेवा. खट्ट आवाज आला की बसला. पेडल बदललं तरी जुने क्लीट काढायची गरज नाही. शेवटी आटे सगळ्यांचे सारखेच.’

यातलं शेवटचं वाक्य जवळजवळ बरोबर आहे, तेव्हा ते आधी निकालात काढू. पेडल क्रँकमध्ये, म्हणजे ते ज्या दांड्याला लागतं त्यात, ज्या आट्यावर बसतं तो आजच्या बहुतेक सगळ्या सायकलींवर ९/१६ इंची, इंचाला २० आटे असा असतो. एकाच तुकड्यात वाकवलेल्या क्रँकवर, म्हणजे काही लहान मुलांच्या आणि जुन्या सायकलींवर, तो १/२ इंची सापडतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरून जोर लावला तर क्रँकचा आटा जातो. तेवढं सांभाळलं तर शिमानोच्या क्रँकवर लूकचं पेडल बिनदिक्कत लावा. घोळ पेडलच्या दुसऱ्या टोकाला होतो.

त्या टोकाला सांधे दोन असतात. एक बूट आणि क्लीट यांच्यामधला, दुसरा क्लीट आणि पेडल यांच्यामधला. ‘दोन बोल्ट’, ‘तीन बोल्ट’ हे वर्णन फक्त पहिल्या सांध्याचं आहे. दोन बोल्टच्या बुटाच्या तळव्यात सरकणारी पट्टी असते आणि बोल्टांमधलं अंतर १४ मिमी. या अंतरावर वेगवेगळ्या कंपन्यांचे क्लीट बसतात: शिमानोचा एसपीडी, टाइमचा ॲटॅक, क्रँक ब्रदर्सचा, एचटीचाही. पण बूट सगळ्यांना जागा देतो म्हणून पेडलही देईल असं नाही. शिमानो एसपीडीचा क्लीट पोलादी. त्याचं पुढचं टोक पेडलच्या पुढच्या जबड्याखाली जातं आणि मागचं टोक स्प्रिंगवरचा मागचा जबडा धरतो. टाइम आणि क्रँक ब्रदर्स यांच्या पेडलांत जबड्याऐवजी जाड तारेसारख्या दांड्या असतात आणि क्लीट पितळी. जबड्यासाठी घडवलेला क्लीट दांडीवर दाबून पाहायची गरजच नाही, दोघांची घडणच वेगळी. दोन बोल्टचे सगळे क्लीट म्हणजे एकाच माळेचे मणी नव्हेत.

तरी या दाव्याला थोडा आधार आहे, आणि तो नाकारला तर प्रतिवाद खोटा ठरेल. एसपीडीचा आकार इतका रुळला की इतर कंपन्यांनी मुद्दाम त्याच मापाची पेडलं काढली. लूकची एक्स-ट्रॅक, रिचीची माउंटन पेडलं, गार्मिन रॅली एक्ससी, फावेरो असिओमा प्रो एमएक्स ही एसपीडीच्या क्लीटला धरूनच बनवलेली आहेत. अनेक स्वस्त तैवानी पेडलांचंही तसंच. म्हणजे ‘दोन बोल्टचं’ हे पुरेसं वर्णन नाही, ‘एसपीडीशी जुळणारं’ हे आहे, आणि ते पेडल बनवणाऱ्याने लेखी म्हटलेलं हवं. अशा जोडीतही पेडलबरोबर क्लीट आले असतील तर तेच लावावेत. दशांश मिलिमीटरच्या फरकानेही सुटण्याचा कोन आणि लागणारा जोर बदलतो.

आता तीन बोल्ट. इथे गोंधळ जास्त घातक, कारण क्लीट दिसायलाही भाऊ-भाऊ आहेत. फ्रान्समधल्या नेव्हेर गावची लूक ही मुळात स्कीच्या पकडी बनवणारी कंपनी. तिने १९८४ मध्ये रस्त्याच्या सायकलीसाठी असं पेडल आणलं आणि बर्नार इनोने १९८५ ची तूर द फ्रान्स त्यावर जिंकली. त्या पिढीचा क्लीट म्हणजे डेल्टा. पुढे लूकनेच केओ काढला, तो आकाराने लहान. दोन्ही लूकचे, दोन्ही तीन बोल्टचे, पण डेल्टा केओच्या पेडलात चालत नाही आणि केओ डेल्टाच्या. कंपनी एक असूनही ही गत, मग शिमानोचा तीन बोल्टचा एसपीडी-एसएल आणि लूक केओ यांचं जमेल ही आशा कशाला? एसपीडी-एसएलच्या क्लीटचं नाक रुंद आणि बोथट, केओचं अरुंद. बुटाच्या तळाशी तिन्ही बोल्ट अगदी शहाण्यासारखे जुळतात, म्हणून माणूस फसतो.

नावानेही घोटाळा होतो. एसपीडी, एसपीडी-आर आणि एसपीडी-एसएल ही तिन्ही शिमानोचीच, पण तीन स्वतंत्र पद्धती. जुन्या बाजारात ‘एसपीडी रोड पेडल’ अशी जाहिरात दिसली तर बुटाच्या नव्हे, पेडलच्या जबड्याचा फोटो मागवा. पॉवर मीटरची, म्हणजे पायाची ताकद मोजणारी, पेडलं घेतानाही हेच. गार्मिन रॅलीमध्ये आरएस म्हणजे एसपीडी-एसएल, आरके म्हणजे केओ. फावेरो असिओमा ड्युओ केओच्या घराण्यातलं, त्याचंच ‘शी’ हे रूप शिमानोच्या पेडलअंगात बसवायचं. महागडी पेडलं आली आणि बुटावर भलतेच क्लीट निघाले तर राइड त्या दिवशी रद्द. स्पीडप्लेची गोष्ट तर उलटीच: पेडल म्हणजे लॉलीपॉपसारखी चकती, पकड क्लीटमध्ये, आणि बोल्ट चार. तीन बोल्टच्या बुटाला तो मध्ये एक जोडपट्टी देऊन लावतात.

रंगांचं वाक्य सगळ्यात जास्त गुडघे दुखवतं. शिमानो एसपीडी-एसएलमध्ये लाल म्हणजे ०° मोकळीक, निळा २°, पिवळा ६°. लूक केओमध्ये काळा ०°, करडा ४.५° आणि लाल तब्बल ९°. एकाच्या घरात लाल म्हणजे जखडलेला पाय, दुसऱ्याच्या घरात लाल म्हणजे सगळ्यात मोकळा. ‘लाल घट्ट’ हे शिमानोपुरतं खरं, आणि कुणी ते लूकवाल्याला सांगितलं की तो नेमकं उलटं विकत घेतो. शिवाय ‘घट्ट’ हा शब्दच चुकीचा. ही अंशांची मोजणी क्लीट सुटण्याआधी टाच किती हलू शकते याची आहे. पाय सोडवायला किती जोर लागेल ते पेडलवरची स्प्रिंग ठरवते. पिवळ्याऐवजी लाल लावला म्हणून ताकद वाढत नाही. ०° च्या क्लीटमध्ये टाच जिथे बांधली तिथेच राहते, आणि बांधताना एखाद्या अंशाची चूक झाली तर ती प्रत्येक फेऱ्याला गुडघा भोगतो. मोजून कुणी बसवून दिलं नसेल तर पिवळा किंवा करडा घ्यावा.

एसपीडीच्या पोलादी क्लीटमध्ये तर रंगावर जाऊच नये, क्लीटवर कोरलेला क्रमांक वाचावा. एसएच५१ फक्त टाच वळवल्यावर सुटतो. एसएच५६ अनेक दिशांनी सुटतो, तिरका ओढला तरी आणि वर खेचला तरी. नवशिक्याला सिग्नलवर तो बरा, पण उभं राहून चढ चढताना पाय वर खेचायची सवय असेल तर ऐन वेळी निसटू शकतो. एसएच५६ मध्ये मोकळीक जास्त असते हा समज चुकीचा. मोकळीक दोघांत सारखीच, साधारण ४°. फरक फक्त सुटण्याच्या वाटांचा.

‘खट्ट आवाज आला की बसला’ याला उत्तर असं, की आवाज आत जाण्याचा असतो, अडचण बाहेर येण्याची असते. अनोळखी जोडी तपासायची तर सायकल भिंतीला टेकवा आणि बूट पायात न घालता हातात घ्या. पेडलच्या दोन्ही बाजूंची स्प्रिंग सर्वात सैल करा. बहुतेक शिमानो एसपीडीला ३ मिमीची ॲलन की लागते आणि दुतर्फा पेडलांच्या जोडीत असे चार स्क्रू असतात. क्लीट दाबून बसवा, टाच बाहेरच्या बाजूला वळवून सोडवा. असं प्रत्येक बाजूला दहा वेळा. एकदा सहज, एकदा जोर लावून असं होत असेल तर जोडी नापास. मग बसलेला बूट वर ओढा, पुढेमागे आणि डावीकडे-उजवीकडे डुलवा. मोकळीक चालेल, डुगडुग चालणार नाही. पास झाली तरच स्प्रिंग एकेक टिचकी, सगळ्या बाजूंना सारखी आवळा.

क्लीट बरोबर असूनही बसत नसेल तर पेडलला दोष देण्याआधी बुटाचा तळवा बघा. जाड रबरी नक्षीचे बूट पेडलच्या अंगावर आधी टेकतात आणि क्लीट जबड्यापर्यंत पोचतच नाही. त्यावर क्लीटखाली साधारण १ मिमीची पट्टी घालतात किंवा अडणारं रबर थोडं तासतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एसपीडीचा क्लीट उलटा लावणं. त्याचं निमुळतं टोक बुटाच्या चवड्याकडे हवं.

जुने क्लीट नव्या पेडलावर चालू ठेवण्यात बचत फार थोडी. प्लास्टिकचे तीन बोल्टचे क्लीट चालून झिजतात. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, प्रत्येक कंट्रोलवर (हजेरीच्या थांब्यावर) चहाच्या टपरीपर्यंत जाऊन येण्याचा हिशोब तिथेच चुकवला जातो. शिमानोच्या क्लीटवरची रंगीत टोकं झिजून संपली की तो बदलायचा. पितळी क्लीट पोलादीपेक्षा लवकर झिजतात, ते मुद्दामच. पितळाने झिजावं आणि पेडल वाचावं. सिग्नलला जो पाय खाली टेकता त्याचा क्लीट आधी जातो, तरी बदलताना जोडीच बदला.

बदलताना जुन्या क्लीटच्या कडेने बुटावर मार्करने रेघ मारून ठेवा. बोल्टचे आटे पुसून ग्रीस लावा आणि ४ मिमीच्या कीने ५ ते ६ न्यूटन मीटर आवळा. पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा, आणि हे टाळू नका. एक बोल्ट पडला किंवा दोन्ही सैल झाले की टाच कितीही वळवा, बूट फिरतो आणि क्लीट मात्र पेडलात तसाच बसून राहतो. लोक याला ‘पेडल जाम झालं’ म्हणतात. असं चालत्या सायकलवर लक्षात आलं तर ओढाताण करू नका. ज्या बाजूचा पाय सुटतो तिकडे झुकून थांबा, अडकलेल्या बुटाची बकल किंवा लेस सोडा, पाय बाहेर काढा आणि बूट तसाच लटकू द्या. मग तो हाताने धरून बोल्ट सापडतो का बघा.

पावसाळ्यात कोकणातली लाल माती बोल्टच्या सहा कोनी खाचेत बसून सुकते. तशीच की घातली तर खाच गोल होते आणि बोल्ट ड्रिलने काढायची वेळ येते. आधी खिळ्याने माती कोरून काढा. लावतानाच खाचेत मेण भरलं असेल तर एवढंही करावं लागत नाही.