लुअर, मरळ आणि आपला पाझर तलाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गोड्या पाण्यातील मासे आणि हौशी मासेमारांची आवडती लुअर (माशाला भुलवणारी कृत्रिम आमिषे) या विषयावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. लेखात मी ज्यांचे अनुभव दिले ते सगळे यशाचेच आहेत आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूस त्यात कुठेही नाही, हा आपला पहिला आक्षेप आहे. लेख वाचून आपण बेडकाच्या आकाराचे एक रबरी लुअर आणि एक स्पिनर (फिरत्या पात्याचे लुअर) विकत घेतला, श्रावणात गावच्या पाझर तलावावर कित्येक संध्याकाळी तो फेकला आणि एकही मासा लागला नाही. शेजारी बसलेल्या आजोबांनी मात्र कणकेच्या गोळीवर दोन चांगले रोहू काढले. त्यावरून लुअर हे मासे पकडण्यासाठी नसून गिऱ्हाईक पकडण्यासाठी असते, असा निष्कर्ष आपण काढला आहे. पिल्ले राखणाऱ्या मरळ माशावर लुअर टाकण्याच्या प्रकाराबद्दल मी अवाक्षर काढले नाही, अशीही आपली तक्रार आहे.

मी आजोबांच्या रोहूपासून सुरुवात करतो, कारण आपल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्या दोन माशांतच आहे. आपल्याकडच्या पाझर तलावांत आणि गावतळ्यांत जे मत्स्यबीज सोडले जाते, ते प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांचे असते. हे तिन्ही मासे कार्प कुळातले आहेत आणि त्यांच्या जबड्यात दात नसतात. जे दात असतात ते घशात असतात आणि त्यांचे काम अन्न चिरडण्याचे आहे, भक्ष्य धरण्याचे नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य अन्न आणि दगडा-काडीवर साचलेला शेवाळाचा थर खातो, तर मृगळ तळाच्या गाळातील कुजके सेंद्रिय पदार्थ चिवडतो. पळणाऱ्या बेडकाच्या किंवा जखमी माशाच्या मागे धावणे हा यांपैकी कोणाचाही स्वभाव नाही. अशा पाण्यात स्पिनर कितीही सफाईने फिरवला तरी रोहूच्या दृष्टीने ते अन्नच नव्हे. क्वचित एखादा कार्प लुअरला लागतो. पण पुष्कळदा गळ त्याच्या तोंडात नसून पाठीत किंवा कल्ल्याजवळ रुतलेला असतो, म्हणजे त्याने लुअर घेतलेलेच नसते. आजोबांची कणीक मात्र विरघळते, तिचा वास पाण्यात पसरतो आणि रोहू त्या वासाच्या दिशेने येतो. पवईच्या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या कटला-रोहूसाठी बसणारे लोक पेंड, भाजलेले पीठ आणि सुगंधी मसाले यांची मिश्रणे किती निगुतीने तयार करतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला लुअरवाल्यांनी कणकेला हसणे किती पोरकट आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या लेखात मी कणकेला कुठेही कमी लेखलेले नाही. मी लिहिले ते शिकारी माशांबद्दल, आणि आपण लुअर टाकले ते बहुधा चरणाऱ्या माशांच्या तळ्यात.

बहुधा, असे मुद्दाम म्हणतो. पाझर तलावात मरळ नसतेच असे नाही, कारण तिला कोणी सोडावे लागत नाही. कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका वेगळ्या पोकळीच्या साहाय्याने ती हवेतील प्राणवायू घेऊ शकते, त्यामुळे उन्हाळ्यात आटत चाललेल्या, प्राणवायू कमी झालेल्या डबक्यातही ती तग धरते आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते. बेडूक, लहान मासे, किडे आणि पाण्यात पडलेले जवळजवळ काहीही ती खाते. तिच्या जबड्यात दात आहेत, तोंड मोठे आहे आणि शिकार करण्याची तिची रीत दबा धरून एकदम झेप घेण्याची आहे. बेडकाचे लुअर हे या एका स्वभावासाठी तयार झालेले हत्यार आहे. त्याचे दोन्ही गळ वरच्या बाजूला, रबरी पोटाला चिकटून असतात, म्हणून ते कमळाच्या पानांवरून आणि जलपर्णीच्या गुंत्यावरून न अडकता सरकते. मासा त्याला चावतो तेव्हा पोकळ रबर दबते आणि गळ उघडे पडतात. आपण पाने-गवत नसलेल्या मोकळ्या पाण्यात, तलावाच्या बांधावरून ते फेकले असे आपल्याच वर्णनावरून दिसते. तिथे मरळ असली तरी ती भर पाण्यात उभी राहत नाही. ती काठच्या गवतात, पानांच्या सावलीत, ओढा तलावाला मिळतो त्या उथळ खाचेत असते.

आता अनुभवकथनाच्या विश्वासार्हतेकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेचा सर्वांत वजनदार भाग तोच आहे. हिरव्या फ्रॉगखेरीज, म्हणजे बेडकाच्या लुअरखेरीज, दुसरे काही न वापरणारे एक गृहस्थ आणि तांब्याच्या रंगाच्या स्पूनवर (चमच्याच्या आकाराच्या धातूच्या लुअरवर) श्रद्धा ठेवणारे दुसरे गृहस्थ माझ्या लेखात होते. दोघेही खरे बोलतात, यात मला शंका नाही. मात्र त्यांच्या सांगण्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना वाटतो तो नव्हे. ज्याला एक लुअर आवडते तो तेच सर्वाधिक वेळ पाण्यात ठेवतो आणि साहजिकच त्याचे सर्वाधिक मासेही त्याच लुअरला लागतात. पंचक्रोशीतले सगळे रोगी एकाच वैद्याकडे जात असतील, तर बरे झालेल्यांची संख्याही त्याच्याकडेच जास्त भरणार, तसाच हा हिशेब आहे. रंगाच्या बाबतीत तर मी आपल्याहूनही अधिक साशंक आहे. पृष्ठभागावर चालणाऱ्या फ्रॉगकडे मासा खालून बघतो आणि त्याच्यामागे उजळ आकाश असते, त्यामुळे त्याला दिसते ती मुख्यतः एक काळी आकृती. फ्रॉगचे पोट पिवळे की पांढरे, यावर आमच्यात जे वाद झडतात, त्यांत मरळीने भाग घेतल्याचे मला तरी आढळलेले नाही. पाण्याखाली चालणाऱ्या लुअरचे गणित थोडे वेगळे आहे. स्वच्छ पाण्यात लाल रंग सर्वांत आधी, काही मीटर खोलीतच विझतो, तर कुजक्या पानांमुळे तपकिरी झालेल्या पाण्यात उलट निळा प्रकाश आधी शोषला जातो. पावसाळ्यात आपल्या तलावांचे पाणी चहासारखे होते आणि प्रकाश हातभर खोलीतच संपतो; तिथे रंगापेक्षा स्पिनरच्या फिरत्या पात्याची थरथर जास्त उपयोगी पडते, कारण माशाच्या अंगावरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील असे मंद गतीचे कंप टिपते.

मग या अनुभवांतून घ्यायचे काय? मी रंग आणि कंपनी सोडून देतो, आणि बोलणारा माणूस जागा, वेळ, वेग आणि फटक्याचा क्षण यांबद्दल जे सांगतो ते नीट ऐकतो. हिरव्या फ्रॉगचे गृहस्थ बोलता बोलता सांगून जातात की ते फ्रॉग मोकळ्या पाण्यात कधीच टाकत नाहीत. आधी पानावर टाकतात, क्षणभर थांबतात, मग तो कडेवरून हलकेच पाण्यात घसरू देतात. ते असेही सांगतात की मरळीने पाणी फोडले की लगेच झटका द्यायचा नाही, दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचे, कारण घाईने ओढले की फ्रॉग तोंडातून निसटून आपल्याच कपाळाकडे येतो. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा उठणारे वलय पाहून ते जागा ठरवतात. पातळ तंगूस (नायलॉनचा धागा) न वापरता ते जाड विणलेली दोरी वापरतात, कारण मरळीचे तोंड हाडकुळे असते, त्यात गळ रुतवायला जोर लागतो आणि लागलेली मरळ लगेच जलपर्णीच्या मुळांत शिरते. यातली एकही गोष्ट हिरव्या रंगावर अवलंबून नाही, आणि हिरवा फ्रॉग काढून घेऊन काळा दिला तरी हे गृहस्थ मासे काढतील अशी माझी खात्री आहे. पण त्यांचा त्या फ्रॉगवर विश्वास आहे म्हणून ते तासभर न कंटाळता, एकेक पान तपासत, लक्ष ढळू न देता तो फेकत राहतात, आणि आवडत्या लुअरचा खरा उपयोग मला हाच वाटतो. ज्याच्यावर विश्वास नाही ते लुअर माणूस पाचव्या फेकीला बदलतो.

गेल्या वर्षी भरपूर चाललेले लुअर यंदा चालत नाही, ही सार्वत्रिक तक्रारही आपण थट्टेने नोंदवली आहे. तिच्यामागे काही तथ्य असू शकते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या छोट्या तलावातील लार्जमाउथ बास या शिकारी माशांपासून सुरू झालेल्या आणि कित्येक वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गळाला सहज लागणे हा गुण काही प्रमाणात आनुवंशिक असल्याचे त्यांतून दिसले. म्हणजे एखाद्या लहान पाण्यातून धीट मासे सतत काढत राहिले, तर मागे बुजऱ्यांची प्रजा उरण्याचा संभव असतो. तो प्रयोग मरळीवर झालेला नाही, त्यामुळे तो आपल्या तळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण लुअर बिघडत नाही, तळे बदलते, एवढे लक्षात घ्यायला तो पुरेसा आहे.

विक्रेत्यांनी सगळे उभे केले, हे आपले विधान मात्र मला मान्य नाही. फिनलंडमधील लाउरी रापाला हा पोटासाठी मासे धरणारा गरीब माणूस होता. तळ्यावर वल्ही मारता मारता त्याच्या लक्षात आले की मोठे शिकारी मासे थव्यातल्या धडधाकट माशांना सोडून, वेड्यावाकड्या पोहणाऱ्या एखाद्या दुबळ्या माशावर झडप घालतात. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून तसा डगमगत पोहणारा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनातली चंदेरी पन्नी चिकटवली आणि वर छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. १९६२ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याच्यावर लेख आल्यानंतर मागणी प्रचंड वाढली, आणि त्याच्या लुअरचा मोठा बाजार उभा राहिला तो त्यानंतर. आज दुकानांत लुअरची जी रंगीबेरंगी रांग दिसते, तिच्यातील निम्मी माणसाच्या डोळ्यांसाठी असते, हे मी आनंदाने कबूल करतो. चार लुअर पुरतात, असे मी लेखातही लिहिले होते आणि ते वाक्य आपल्या नजरेतून निसटलेले दिसते.

कणीक विरुद्ध लुअर अशी लढाई लावणे मला पटत नाही, याला महाशीर हे एक चांगले कारण आहे. हा मासाही कार्प कुळातलाच, जबड्यात दात नसलेला, पण सर्वभक्षी. हिमालयातून येणाऱ्या रामगंगेसारख्या नद्यांच्या वेगवान पाण्यात सोनेरी महाशीर चकाकणाऱ्या स्पूनवर धावून येतो, तर कावेरीच्या खोल डोहांत त्याच्या दक्षिणी भाऊबंदांसाठी नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे हेच नावाजलेले आमिष होते. मघाशी कार्पबद्दल मी जे सांगितले, त्याला हा सरळ अपवाद आहे. आमिष ठरते ते त्या पाण्यात तो मासा काय आणि कसे खातो यावरून. महाशिराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बजावून ठेवतो: महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले महाशीर आहेत, तिथे आणि अशा कोणत्याही देवाच्या डोहात लुअरही नको आणि कणीकही नको.

पिल्लांचा आक्षेप राहिला. पावसाळ्यात मरळीची जोडी घरटे करते आणि पिल्ले बाहेर पडल्यावर नर-मादी त्यांच्या खाली राहून राखण करतात. ती तांबूस-नारिंगी पिल्ले श्वासासाठी पुन्हा पुन्हा वर येतात, तेव्हा पाण्यावर एक हलता लालसर डाग दिसतो. त्या डागावर फ्रॉग टाकला की पालक मासा हमखास तुटून पडतो. ती भूक नसते, राखण असते. त्याला काढले की उघड्यावर पडलेली पिल्ले इतर मासे आणि पाणपक्षी मटकावतात. ही पद्धत मी वापरत नाही, माझ्यासोबत येणाऱ्यांना वापरू देत नाही, आणि तिच्या जोरावर मिळवलेल्या मोठ्या मरळीची छायाचित्रे मिरवणाऱ्यांविषयी मला आदर नाही. लेखात याचा उल्लेख नव्हता, कारण तो लेख लुअरच्या निवडीपुरता होता. आपण विचारल्यामुळे इथे स्पष्ट लिहिता आले.

आपल्या तलावाबद्दल थोडे सांगावे, अशी विनंती आहे. ओढा ज्या बाजूने येतो तिथे पाणी किती उथळ आहे, कमळ किंवा जलपर्णी कोणत्या काठाला आहे, आणि पाऊस ओसरल्यानंतर भल्या सकाळी त्या काठाला हवा घेणाऱ्या माशाची वलये दिसतात का, एवढे पाहून कळवावे. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. मरळ आहे की नाही, हेही जाळी टाकणारे तेच लोक एका वाक्यात सांगतील. ती असेल तर कार्तिकात फ्रॉग घेऊन त्या काठावर बसावे. नसेल तर फ्रॉग पेटीत ठेवून आजोबांकडून कणकेचे प्रमाण विचारून घ्यावे, आणि त्यांची हरकत नसेल तर ते मलाही लिहून पाठवावे.